प्रल्हादनं ते म्हटलं नव्हतं

प्रल्हाद वाघमारे गेल्याची बातमी मला जिग्नेशभाईंनी दिली, आणि अठरा दिवसांनी तो बोलल्याची बातमीही त्यांनीच दिली. पहिल्या बातमीनं मी सुन्न झालो. दुसरीनं मात्र मी शांतीनगरच्या भर बाजारात, हातात अर्धा किलो तोंडली घेऊन मटकन खाली बसलो, आणि बसलो ते नेमका भाजीवालीच्या टोमॅटोच्या क्रेटवर. "काका, उठो, माल दबेगा," ती म्हणाली. पण मला उठता येईना. कानाला लावलेल्या फोनमधून माझा एकोणीस वर्षांपासूनचा मित्र खणखणीत आवाजात सांगत होता, "ऐका मंडळी, यंदाही मी तुमच्यातच आहे..." आवाज त्याचाच होता. वाक्याच्या शेवटी किंचित खाली उतरायची ती लकबही त्याचीच. आणि मग, एक श्वास घेऊन, त्यानं म्हटलं, "बोला, गणपती बाप्पा मोरया."

मेलेला माणूस बोलला याचा धक्का मी कसाबसा पचवला असता. आजकाल फोनमध्ये काय काय होतं ते आपण बघतोच. पण प्रल्हादनं हे चार शब्द जिवंतपणी एकदाही उच्चारले नव्हते. आमच्या सोसायटीच्या गणपतीला सलग एकोणीस वर्षं आवाज देऊन उच्चारले नव्हते.

आधी तो गेला कसा ते सांगतो, कारण त्यावर माझा अजून राग आहे. मी हौशी नाटकवाला. पोटासाठी विमा विकतो, पण माणसाच्या एक्झिटकडे माझं बारीक लक्ष असतं. प्रल्हादचा आवाज असा, की तो जिन्यात शिंकला तरी तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ जागं व्हायचं. असा माणूस जाताना निदान एखादं वाक्य तरी टाकेल की नाही? सकाळी फिरायला निघाला, सँडलचा एक पट्टा लावला, दुसरा लावायला वाकला... आणि तसाच कलंडला. सुशीलावहिनी चहा गाळत होत्या. गाळून वळल्या तेवढ्यात संपलं होतं. अठ्ठावन्न वर्षांचा होता. मी पोचलो तेव्हा दुसरा पट्टा तसाच सुटलेला होता, आणि मी, म्हणजे ज्याला कुठेही बोलायला सांगा असा मी, तो पट्टा लावत बसलो.

तो राहायला आला त्या वर्षी आमच्या सोसायटीनं पहिल्यांदा हलता देखावा केला होता, नरसिंह अवताराचा. खांब थर्माकोलचा, आत नरसिंह, बाहेर मिशावाला हिरण्यकश्यपू, आणि पडद्यामागे दोरी ओढायला मी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक धिप्पाड, काळासावळा माणूस मंडपात आला आणि विचारता झाला, "इथला प्रमुख कोण?" मला वाटलं, लाउडस्पीकरची तक्रार. मी अंगात नम्रता आणून पुढे झालो. तो म्हणाला, "तुमचा खांब आधी फुटतो आणि हिरण्यकश्यपू नंतर विचारतो, की सांग तुझा देव कुठं आहे. देव समोर उभा आहे, साहेब. तो विचारतोय कशाला?"

खरं होतं. दोन दिवस, दर दहा मिनिटांनी खांब चुकीच्या वेळी फुटत होता, शेकडो भाविक हात जोडून बघत होते, आणि एकालाही काही खटकलं नव्हतं. मी त्याचा आवाज ऐकला, त्याच्या हाताला धरलं आणि थेट माइकसमोर नेलं. नाव विचारलं तर म्हणाला, प्रल्हाद. त्या दिवशी प्रल्हादनं हिरण्यकश्यपूचे संवाद असे म्हटले, की मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी मला हळूच विचारलं, यंदा नरसिंह जिंकणार ना?

तो एका बस आगारात वाहतूक नियंत्रक होता. दिवसभर फलाटावरच्या गाड्या माइकवरून पुकारायचा. घरी भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, रोज सकाळी वंदना. पुढच्या वर्षी मी रीतसर विचारायला गेलो तेव्हा त्यानं अट घातली. "गोष्ट मी सांगेन. सगळी पात्रं मी करेन. जयजयकार तुम्ही करा." आरतीला तो येणार नव्हता, हात जोडणार नव्हता. प्रसादाचं काय, असं मी खोडसाळपणे विचारलं, तर म्हणाला, "मोदकाशी माझं भांडण नाही." तेव्हापासून दर वर्षीची तीच पद्धत. गोष्ट त्याच्या आवाजात, आणि शेवटचा मोरया माझ्या.

जिग्नेशभाई म्हणजे आमचे अध्यक्ष. कापडाचे व्यापारी, मनाचे मऊ, भक्ती ओसंडून वाहणारी. त्यांना हे कोडं कधी सुटलं नाही. एकदा मंडपात सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "वाघमारेजी, आप भगवान को मानते नहीं, फिर इतना अच्छा बोलते कैसे हो?" प्रल्हादनं वडापावचा घास गिळला आणि म्हणाला, "जिग्नेशभाई, मैं दिन में चालीस गाड़ी अनाउन्स करता हूँ. एक में भी बैठता नहीं." मंडप हसला. जिग्नेशभाई सगळ्यांत जास्त हसले, आणि मग मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "मतलब क्या हुआ?"

आम्ही मानणारे लोक, पण गोष्टींच्या बाबतीत अगदी कोरे. चंद्राला शाप का, दूर्वा का, उंदीर कुठून आला, काही विचारा, आम्ही एकमेकांकडे बघायचो. प्रल्हाद सांगायचा, तोही पाठभेदांसकट. आणि त्यातलं अडचणीचं तो गाळू द्यायचा नाही. समुद्रमंथनाच्या वर्षी समितीतल्या एका गृहस्थांनी सुचवलं, की मोहिनी राक्षसांना फसवून अमृत फक्त देवांना वाढते, तेवढा भाग काढून टाकू. देव फसवतात असं दाखवलं तर भावना दुखावतील. प्रल्हाद म्हणाला, "राक्षसांनी अर्धा दोर ओढला होता. ते सांगायचं नसेल तर दुसरा आवाज बघा." भाग राहिला. पहिल्या दिवशी मोहिनी राक्षसांना ओलांडून पुढे गेली, तेव्हा समोर बसलेली पोरं "चीटिंग, चीटिंग" म्हणून ओरडली. प्रल्हाद मंडपाच्या मागच्या बांबूला टेकून उभा होता. इतकं खूश झालेलं मी त्याला क्वचितच पाहिलंय. "बघ," मला म्हणाला, "ह्यांना गोष्ट कळली."

त्याला हे सगळं आलं कुठून, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. वरसावेला एका गोदामात जुन्या देखाव्याची मोटर बघायला आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून गेलो होतो. परतताना पुलाजवळ ट्रक बंद पडलेला, घोडबंदर रोड तुंबलेला, आम्ही उन्हात खोळंबलेलो. मी सहज म्हटलं, तुला एवढं पुराण शिकवलं कुणी? तो म्हणाला, आज्यानं. मराठवाड्यातल्या त्याच्या गावात चातुर्मासात देवळात पोथी लागायची. आज्याला देवळात जायची बंदी. तो मागच्या भिंतीला टेकून, बाहेर गोठ्याच्या कडेला बसून ऐकायचा. चार महिने, दर वर्षी. आत बसलेले डुलक्या घ्यायचे आणि बाहेर बसलेल्या आज्याला अख्खी पोथी पाठ. पुढे आज्यानं धर्म बदलला, घरातले देव एका टोपलीत घालून नदीत सोडून आला, पुन्हा कधी वळून बघितलं नाही. "पण गोष्टी कुठं सोडणार? त्या टोपलीत मावेनात," प्रल्हाद म्हणाला. "शेतात बसून मला सांगायचा. राक्षसांचे आवाज काढायचा. शेवटाला आजा म्हणायचा, गोष्ट भिंतीवरनं बाहेर आली, ती आपली. आत जे होतं ते त्यांचं, आपल्याला नको."

पुढचा ट्रक हलला. मी गाडी सुरू करायची विसरलो. मागून हॉर्न वाजायला लागले.

एवढं कळल्यावरही मी जे केलं ते केलं. आठव्या वर्षीची गोष्ट. त्या वेळी देखावा होता गजेंद्रमोक्षाचा. मगरीनं पाय धरलेला हत्ती सोंडेत कमळ धरून विष्णूला हाक मारतो, "देवा, मी तुला शरण आलो." प्रल्हादनं ते असं म्हटलं होतं, की ऐकणाऱ्यालाही हाक मारावीशी वाटावी. ध्वनिफितीची जुळवाजुळव माझ्याकडे असायची. मला वाटलं, शेवट जरा पडतोय. मी हत्तीचं ते वाक्य उचललं, आणि गोष्ट संपल्यावर, निवेदनाच्या शेवटी, माझ्या मोरयाच्या आधी पुन्हा चिकटवलं. परिणाम जबरदस्त झाला. गोष्ट सांगणाराच शरण गेला. बायका डोळे पुसायच्या. मी पडद्यामागे टाळ्या मोजायचो.

सुशीलावहिनींनी ते रस्त्यावरून जाताना ऐकलं. सोबत विहारातल्या दोन बायका होत्या. त्यातली एक म्हणाली, "वाघमारे साहेब फिरले वाटतं." वहिनींनी घरी येऊन नवऱ्याला एवढंच विचारलं, "तुम्ही म्हटलंत का हे?"

प्रल्हाद माझ्याकडे आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "हत्तीचं वाक्य माझ्या तोंडी घातलंस."

मी म्हटलं, "अरे, आवाज तर तुझाच होता."

"आवाज माझा. म्हणणं हत्तीचं." मग खुर्चीवरून उठत, "राणे, मी रोज सकाळी बुद्ध, धम्म, संघ, तिघांना शरण जातो. चौथा तू बसवायचा नाहीस."

जवळजवळ वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. समोरून आला की मान हलवायचा, बस. मी माफी मागितली, दोनदा, एकदा तर गुडघ्यावर बसून, माझ्या सवयीनं जरा नाटकीच. तो म्हणाला, "ऊठ, पँट मळेल." पुढच्या वर्षी श्रावण लागला तसा स्वतःच दारात उभा. "यंदा काय आहे?" पण तेव्हापासून तो ध्वनिमुद्रण स्वतः करून पेन ड्राइव्ह पाकिटात घालून द्यायचा. पाकिटावर लिहिलेलं असायचं, "कापू नये." मी कापलं नाही. अकरा वर्षं एक श्वासही इकडचा तिकडे केला नाही.

आणि आता क्रेटवर बसून मी ऐकत होतो.

मी थेट जिग्नेशभाईंच्या दुकानात गेलो. तागे उलगडलेले, गिऱ्हाइक बसलेलं. मला बघून त्यांचे डोळे भरले. "सुना ना, राणेभाई? भाच्याला सांगून बनवलं. पुराने सब रेकॉर्डिंग एआई में डाले. पहिल्या दिवशी उद्घाटनाला वाजवायचं. श्रद्धांजली." विहारात प्रल्हादच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात हा माणूस पहिल्या रांगेत बसून लहान मुलासारखा रडला होता, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे मला धड रागावताही येईना.

मी म्हटलं, "जिग्नेशभाई, तो हे म्हणायचा नाही."

"नीचे नहीं बोलते थे. ऊपर जाके तो बोल ही दिए होंगे."

"वर जातात हेही तो मानत नव्हता."

"अरे, तो मानना अपना है ना! अपने प्यार से बोल रहे हैं." मग गिऱ्हाइकाकडे वळून, "बहनजी, ये कॉटन है, सिकुड़ेगा नहीं."

मी तिथं का गप्प बसलो, ते इथं कबूल करतो. ते ऐकायला छान वाटत होतं. दुकानात पोचेपर्यंत मी ते चार वेळा ऐकलं होतं. एकोणीस वर्षं ज्या वाक्याच्या जागी माझा बसका आवाज होता, तिथं पहिल्यांदा त्याचा होता, आणि माझ्यातला नाटकवाला आतून म्हणत होता, काय शेवट आहे... आपण नाही का हत्तीचं वाक्य लावलं होतं? तसंच. फक्त आता रागवायला कोणी येणार नाही.

दुकानातून उतरलो तर पायरीशी सी विंगच्या जोशीकाकू भेटल्या. माझा चेहरा बघून सांत्वन करायला लागल्या. "वाईट वाटून घेऊ नका हो. किती भाग्यवान. जाताना बाप्पाचं नाव घेऊन गेले म्हणे. शेवटी माणूस वळतोच."

मी विचारलं, "कोण म्हणालं?"

"परवापासून सगळेच म्हणतायत. रेकॉर्डिंग आहे ना."

दोन दिवस, फक्त दोन दिवस झाले होते. सँडलच्या पट्ट्याशी वाकून मुकाट्यानं गेलेल्या माणसाची कथा तयार झाली होती, आणि ती कथा मागं सारायला आता कोणतीही दोरी माझ्या हातात नव्हती. पुराणं अशीच होत असतील का? कुणीतरी प्रेमानं एक वाक्य चिकटवतो, बाया डोळे पुसतात, आणि मग ते वाक्यच खरं होऊन बसतं, माणूस खोटा पडतो. अशी वाक्यं गोष्टीपुरती ठीक असतात. तिथं हत्तीही बोलतो. पण हा माझ्या ओळखीचा माणूस होता. ह्यानं नाही म्हणायला एक आयुष्य घालवलं होतं, आणि त्याच्या आज्यानं त्याच्याही आधी.

वहिनींच्या कानावर जायच्या आत आपणच सांगावं, म्हणून मी तसाच त्यांच्या घरी गेलो. त्या पलंगावर बसून त्याचे शर्ट घडी करत होत्या. मी घसा साफ केला. त्या म्हणाल्या, "माहितेय भाऊजी. परवाच आलं माझ्या फोनवर. शेजारणीनं पाठवलं."

मी समोरच्या खुर्चीवर बसलो.

"पहिल्यांदा लावलं तेव्हा बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "घरात आवाज आला ना. दोन आठवडे कुकरची शिट्टी सोडून काही नाही. 'यंदाही मी तुमच्यातच आहे' म्हणतात... मी आपली 'हो' म्हणून गेले." त्यांनी एका शर्टाची कॉलर सरळ केली. "मग ते शेवटचं आलं. तेव्हापासून मी ते यायच्या आधी बंद करते. सात-आठ वेळा ऐकलंय मी दिवसात. बरोबर 'आहे'पाशी बोट ठेवते. एकदा चुकलं. तर मीच त्यांना म्हटलं, असं काय करताय हो."

जिग्नेशभाईंना मी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन हे सांगितलं, वहिनींच्या शब्दांत, माझी एकही भर न घालता. त्यांनी चष्मा काढला. ताग्याच्या टोकानं डोळे पुसले, फोन काढला आणि सोसायटीच्या ग्रुपमधून ती फाइल उडवली. "लेकिन राणेभाई," घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जो लोग के फोन में चला गया, उसका क्या?" ते परत घेणं कुणाच्याच हातात नव्हतं. म्हणून हे लिहितोय. जोशीकाकूंना आणि ज्यांना कुणाला ती ध्वनिफीत आली असेल, त्यांना हे कळावं. प्रल्हाद वाघमारेनं ते म्हटलं नव्हतं. जाताना काहीच म्हटलं नव्हतं.

वहिनींना मी त्याचे अकराच्या अकरा पेन ड्राइव्ह नेऊन दिले. त्यात माझा मोरया नाही, संगीत नाही, नुसता तो आणि त्याची पात्रं. त्यांनी ते पदराखाली धरले आणि आतून एक वही आणून दिली. यंदाची गोष्ट त्यानं लिहून ठेवली होती. अगस्ती समुद्र पितो ती. समासात सूचना होत्या, "इथे दोन श्वास थांबणे. पाणी उतरू द्यावे."

"तुम्ही सांगा," वहिनी म्हणाल्या.

"माझा आवाज कुठं तसा, वहिनी."

"नसू दे. तुमचा तर तुमचा. कुणी वळवलेला नको."

मी विचारलं, तो रेकॉर्ड करायला जायचा कुठं? मला अकरा वर्षं वाटत होतं, की कुणा ओळखीच्याचा स्टुडिओ असेल. वहिनी उठल्या आणि त्यांनी भिंतीतल्या कपाटाची दोन दारं उघडली. आत दांडीला त्यांच्या साड्या, हिवाळी गोधड्या तिन्ही बाजूंनी टांगलेल्या, खाली प्लास्टिकचं बुटकं स्टूल, आणि एका हँगरला सुतळीनं बांधलेला माइक. एवढा धिप्पाड माणूस त्यात घडी होऊन बसायचा. दारं ओढून घ्यायचा आणि काळोखात हिरण्यकश्यपू व्हायचा, मगर व्हायचा, मोहिनी व्हायचा. "घामानं निथळून बाहेर यायचे," वहिनी म्हणाल्या. "मी कैरीचं पन्हं करून ठेवायची."

मी आत बसलो. गुडघे छातीला लागले. गोधड्यांना डांबराच्या गोळ्यांचा आणि जरासा त्याचा वास होता. मी दार ओढलं, मोबाइलच्या उजेडात वही धरली आणि त्यानं सांगितलं होतं तिथं दोन दोन श्वास थांबत अगस्तीची गोष्ट वाचली. माझ्या मानानं बरी झाली. समुद्र संपला. पान संपलं. आता राहिला होता तो शेवटचा जयजयकार, जो एकोणीस वर्षं माझ्याच गळ्यातून निघालाय आणि मी तो मनापासून म्हणतो. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. ह्या जागेत ते कधी कुणी म्हटलं नव्हतं.

मी हँगरवरून माइक सोडवला, कपाटातून बाहेर आलो, चपला घातल्या, दाराबाहेर जिन्यात गेलो, आणि तिथं उभं राहून मोरया म्हटलं.